छोट्या स्पीकरमधला आवाज

कारखान्यातून माझ्या नवऱ्याला कानात घालायला मिळालेले बोळे मी सबवूफरच्या पायांखाली लावले. चार पायांना चार. नारिंगी, मऊ, दाबले की चपटे होणारे आणि सोडले की सावकाश फुगणारे. कंप्युटरच्या स्पीकरचा तो मोठा खोका लोखंडी टेबलावर होता. गाणं लागलं की टेबल थरथरायचं आणि त्यावरचा स्टीलचा पेला नाचत नाचत कडेपर्यंत यायचा. बोळे लावले तसा पेला जागच्या जागी. मी कमरेवर हात ठेवून उभी, चेहऱ्यावर असं समाधान की जणू धरण बांधलं. पुढच्या महिन्यात त्यांना नवी पाकिटं मिळाली, तीही मी मागून घेतली. एका जोडीने मिक्सरची थरथर थांबवली, एक शिलाई मशीनखाली गेली.

तेव्हा मी बावन्न वर्षांची पोर होते. हसू नका. आज या वयातून मागे पाहिलं की ती बाई मला पोरच वाटते. सगळं येतं असं समजणारी, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारी, नाकावर चष्मा आणि हातात पेचकस. बचत गटातून तालुक्याला महिनाभराचं शिक्षण झालं होतं. मिक्सर, इस्त्री, पंखा, रेडिओ, सगळ्यांची दुरुस्ती. बाकीच्या बायकांनी आपापलं प्रमाणपत्र पेटीत तांदळाखाली ठेवून दिलं. मी माझं फ्रेम करून देवघराच्या वर लावलं. देवाच्याही वर, होय. रोज सकाळी दिवा लावताना पहिले हात कोणाला जोडत होते ते देवालाच ठाऊक.

आम्ही घुग्घुसला क्वार्टरमध्ये राहायचो. तिथली धूळ कुठेही शिरते, पिठाच्या डब्यात, पापण्यांत, नव्या साडीच्या घडीत. मग मिक्सरच्या मोटरीत शिरायला तिला कितीसा वेळ लागणार? त्यामुळे मला कामाची वाण नव्हती. आमच्या ओळीत मला मेकॅनिकबाई म्हणत. काही जणी कौतुकाने म्हणत, काही जणी नाक मुरडून, मला दोन्ही सारखंच गोड लागायचं.

नवरा सिमेंटच्या कारखान्यात क्रशरवर होता. डोंगरातून आणलेला दगड त्या यंत्राच्या जबड्यात पडतो आणि त्याचा चुरा होतो, तिथे. सव्वीस वर्षं ते त्या जबड्याशेजारी उभे राहिले. मूळचे नागभीडकडचे, तळ्यात मासे धरणाऱ्या घरातले. सासूबाई सांगायच्या, हा पोरगा बांधावर डोळे मिटून बसायचा आणि पाण्यात नुसतं चुबुक झालं की कोणता मासा ते सांगायचा. मला ती आईची फुशारकी वाटायची. त्यांचं बोलणं मुळातच कमी. घरी आले की पाय धुवायचे, बसायचे, चहा प्यायचे. बोळ्यांबद्दल मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हे घातले का मांगून गाडी येऊन राह्यली ते समजत नाई."

"मंग द्या इकडे. वाया काऊन घालवता?"

त्यांनी दिले. एवढाच तो संवाद. मी त्यांना असंही म्हणू शकले असते, की निदान दगड पडतो तेवढा वेळ तरी घाला. पण मला खोक्याला पाय हवे होते.

आता कंप्युटर आमच्या घरी का आला ते सांगायला हवं. आमची एकुलती मुलगी हैदराबादला नर्स. तिने तिकडेच लग्न केलं. मुलगा सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारे लोक, आणि आम्हाला कळवलं ते लग्न झाल्यावर. नवरा ओरडले नाहीत, रडले नाहीत. फक्त तिचं नाव निघालं की उठायचे आणि मोरीत जाऊन पाय धुवायचे, धुतलेले असले तरी. एक वर्ष असं गेलं. मग एका सुट्टीच्या दिवशी चंद्रपूरला गेले आणि ऑटोतून खोकी घेऊन उतरले. टीव्हीसारखा पडदा, कंप्युटर, आणि एक मोठा नि दोन छोटे असा स्पीकरचा सेट.

"हे काऊन जी?" मी विचारलं.

"पोरीसंगं बोलाले," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

त्या माणसाच्या हिशेबात ते भाषण होतं. वर्षभराचा राग त्यांनी असा ऑटोतून उतरवून ठेवला. मी मुलीला फोन केला आणि सांगितलं, "बाबाने कंप्युटर आणला, आता तोंड पाहून बोलत जा." कोणासाठी आणला, ते सांगितलं नाही. तिला समजेल की, असं वाटलं. मला तेव्हा वायरी जोडायची घाई होती.

दर रविवारी दुपारी ती पडद्यावर यायची. ते त्याआधी आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे, फोटो काढायला बसावं तसे. मुलगी बोलायची, ड्यूटी, भाड्याचं घर, सासूबाईंनी शिकवलेली चिंचेची आमटी. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "हो, हो. ठीक."

तीन-चार रविवार गेले आणि एकदा ती गेल्यावर त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. "मोठ्या डब्ब्यातून येते बराबर. ह्या दोन बारक्यांतून काहीच येऊन नाई राह्यलं."

बस्स. मेकॅनिकबाईला आणखी काय पाहिजे होतं!

दोन्ही छोटे स्पीकर मी पाटावर उघडून बसले. आतल्या कागदावर धुळीचा थर होता, तो शेव्हिंगच्या ब्रशने झाडला. वायर नवी टाकली, जोड पुन्हा सोल्डर केले. मोठ्या खोक्यात आतल्या पट्टीवरचा एक कंडेन्सर डोक्यावर फुगलेला होता, तो बदलला. आवाज वाढवायची चकती फिरवली की खरखर व्हायची, तिच्यात पेट्रोलचे दोन थेंब सोडले. खोटं नाही सांगत, काम चोख केलं. मग गाणं लावलं आणि त्यांना बोलावलं.

"आता?"

ते मान तिरपी करून उभे राहिले. आधी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आता बरं हाये."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. बारक्यांतून येत नाही. मी डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. मी म्हणे, "आता?" ते माझ्या तोंडाकडे पाहत आणि म्हणत, "आता बरं." दीड वर्ष हा खेळ चालला. उत्तर ते माझ्या चेहऱ्यावरून वाचत होते आणि मी त्याला माझ्या कामाचं प्रमाणपत्र समजत होते. मला स्वतःला तर सगळं नीट ऐकू यायचं. मग त्यांनाच का येत नाही, हा प्रश्न ज्या डोक्यात यायला हवा होता त्या डोक्यात कंडेन्सर भरले होते.

त्यातला एक रविवार मला सांगायलाच हवा. तो गाळून लिहिलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

मुलीला सातवा महिना लागला होता. डावा स्पीकर खरखरत होता म्हणून मी टेबलामागे गुडघ्यांवर बसून पिन दाबून धरली होती. मला पडदा दिसत नव्हता, नवऱ्याचे पाय तेवढे दिसत होते. मुलगी काहीबाही बोलत होती आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, "बाबा, मी चुकली. तुमाले न इचारता केलं. अजून राग हाये का मनात माह्यावर?"

आणि ते म्हणाले, "हो, हो. ठीक."

मी टेबलामागून ओरडले, "थांब वो थांब, पिन हालून राह्यली!"

बाहेर येईपर्यंत तिने तोंड पुसलेलं होतं. "जेवन झालं का आई?" असं तिने विचारलं, आणि मी तिला झुनक्यात मीठ जास्त पडल्याची सविस्तर हकीकत सांगितली.

मी तिचं बोलणं ऐकलं होतं का? ऐकलं होतं. शब्द न् शब्द. त्यांचं "हो"ही ऐकलं. मनात म्हटलं, माणूस हट्टी आहे, बाप-लेकीचं ते दोघं पाहून घेतील, आपण मध्ये कशाला पडा. आणि आणखी खरं सांगायचं तर त्या "हो"ने मला थोडं बरंच वाटलं. तिने न सांगता लग्न केलं याचा राग मलाही होता. मी तो कधी बोलून दाखवला नव्हता, मी आपली समजूतदार आई. तो त्यांच्या तोंडून परस्पर गेला, तर जाऊ दे. अशी ती बावन्न वर्षांची पोर. तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण आता ती हाताला लागत नाही.

त्यानंतर मुलीचे रविवार कमी झाले. कधी ड्यूटी, कधी नेटवर्क. नात झाली तेव्हा मी हैदराबादला जाऊन आले, त्यांना रजा मिळाली नाही. परत आल्यावर एका रविवारी मुलीने बाळाला पडद्यासमोर धरलं. चार महिन्यांची नात, हुंकारत होती, मध्येच किंचाळून हसत होती. मला पेढ्याहून गोड लागत होतं ते. नवरा पुढे झुकले. मग त्यांनी उजवा तळहात सबवूफरवर ठेवला. माझं लक्ष होतं, मला वाटलं खोका गरम झाला का ते पाहतात. लेकराचा आवाज मोठ्या खोक्यातून येत नसतो. मोठ्या खोक्यात ढोल येतो, मोटार येते. हे मी कोणालाही समजावून सांगितलं असतं, तालुक्याला शिकून आले होते. त्यांनी थोडा वेळ हात ठेवला, उचलला, आणि उठून बाहेर गेले.

मुलीने त्यांना उठून जाताना पाहिलं. तिने बाळाला पडद्यासमोरून बाजूला घेतलं.

"थांब, मी नवीन सेटच आणते," मी तिला म्हणाले. "ह्या डब्ब्यात आता दम नाई."

चंद्रपूरहून नवा सेट आणला. पंधरा दिवसांत तो घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेले. दुकानदार माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शांत माणूस. त्याने सेट जोडला, गाणं लावलं. समोरच्या चहावाल्यानेही मान डोलावली.

"वाजते ना, बाई."

"इथी वाजते. घरी बारके दोन्ही बंद पडतात."

"दोन्ही एका टायमाले? अन् मोठा चालू?"

"होय."

"जुन्या सेटचंबी असंच होतं?"

"असंच. म्हणून तर नवा घेतला."

त्याने गाणं बंद केलं. "बाई, घरी आयकते कोण?"

"म्हंजे? आमी काय बह्याड दिसून राह्यलो तुमाले? मी स्वतः रिपेरिंग शिकली हाये, भाऊ. मले नका शिकवू."

"नाई बाई, शिकवत नाई. इचारून राह्यलो."

मी त्याला पुढची पाच मिनिटं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. चहावाला आत निघून गेला एवढं सांगते. त्या माणसाने गुपचूप सेट बदलून दिला. तो अर्धं निदान करून बसला होता आणि मी त्याला भामटा म्हणून आले.

मग चैत्र आला. नागभीडकडच्या आमच्या गावात तळं आटत आलं की सगळी घरं मिळून मोठं जाळं ओढतात. दोन बाजूंना दोरावर माणसं, मध्ये जाळ्याचं पोट, आणि बांधावर उभा राहून एक जण हाक देतो. पाण्यातल्या माणसाला आपल्यापुढचं पाणी तेवढं दिसतं, जाळं कुठे अडलं ते बांधावरूनच कळतं. म्हणून हाक आली की ओढायचं आणि हाक आली की थांबायचं, त्यात वाद नाही. हाक देणारा माझा धाकटा दीर होता. नवरा डाव्या दोरावर सगळ्यात पुढे, मानाची जागा. मी बांधावर, टोपली घेऊन, इतर बायकांबरोबर.

जाळं मध्यावर आलं आणि तळाच्या एका खुंटाला अडकलं. दिराने थांबायची हाक दिली. सगळे थांबले. नवरा ओढतच राहिले.

"दादा! थांब ना!"

ते ओढत होते, छातीएवढ्या पाण्यात, तोंड पलीकडे. जाळ्याचा खालचा काठ वर आला, बांधावरून आम्हाला स्पष्ट दिसलं, आणि त्याखालून मासे निघून गेले. पाणी नुसतं सळसळलं. दिवसभराची मेहनत होती सगळ्या गावाची. दीर तीनदा ओरडला. शेवटी मागच्या दोरावरच्या एका माणसाने पाण्यातून पुढे जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला. ते वळले. सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे त्यांना दिसलं. त्यांनी हसून मान हलवली आणि म्हणाले, "हो, हो. ठीक."

तेच शब्द, तीच मान, तोच खुर्चीतला चेहरा. माझ्या हातातली टोपली मी खाली ठेवली.

दीर बांधावरून माझ्याजवळ आला. चिडलेला होता, पण आवाज खाली घेऊन बोलला. "वैनी, दादाले कईपासून आयकू येत नाई?"

"स्पीकर खराब हाये," मी म्हणाले.

तळ्याच्या बांधावर उभं राहून, सगळ्या गावासमोर, हे माझ्या तोंडून निघालं.

चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी काचेबाहेरून पाहत होते. ते बटण हातात घेऊन बसून होते, फार वेळ न दाबता. मग कागद आला. त्यावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, बरी होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, विहिरीत पडावी तशी पडली होती.

"कारखान्याच्या आवाजाने बारीक आवाज आधी जातात," बाई म्हणाल्या. "बायकांचे, लहान मुलांचे. जाड आवाज शेवटपर्यंत येत राहतात. माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत."

म्हणजे ते दोन वर्षं मला अगदी बरोबर सांगत होते. मोठ्यातून येतं, बारक्यांतून येत नाही. एवढा नेमका बिघाड सांगणारं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना विचारलं, कामावर कानात काही घालत होतात का? त्यांनी वाचलं आणि सरळ उत्तर दिलं, "देत होते. पन ते घरी कामात आले."

तक्रार नव्हती त्यात. पाऊस पडला होता का, असं विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कानाचं चित्र पाहत होते. ते बोळे त्यांनी तसेही घातले नसते, असं मी तेव्हा मनात म्हटलं, आणि गेली कितीतरी वर्षं म्हणत आले आहे. कदाचित खरंही असेल. पण ते हाताशी राहू दिले असते तर निदान म्हणायचा हक्क राहिला असता.

गेलेलं परत येत नाही, बाई म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं.

आता ते घरीच असतात. कानाचं मशीन घेतलं, पण त्यातून पंख्याचा आवाजही दगडासारखा येतो म्हणतात, मग ते टेबलाच्या खणात पडून असतं. मुलीशी ते मोबाईलवर लिहून बोलतात, एका बोटाने, चष्मा कपाळावर सरकवून. नात त्यांना फळांची, मांजरांची चित्रं पाठवते. काय लिहितात ते मला दाखवत नाहीत. मी चहा ठेवायला गेले की मोबाईल पालथा ठेवतात. बरोबरच आहे. त्यांना त्या दोघांत आता दुरुस्तीवाली नको आहे. प्रमाणपत्र मी देवघरावरून काढलं, त्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे.

पण हे सगळं नंतरचं. डॉक्टरकडून आलो त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन लावला. ते अंगणात होते. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सगळं सांगितलं, काचेची खोली, कागदावरची रेघ, तळं, जाळं. मला वाटत होतं मी तिला चांगली बातमी देते आहे. म्हणाले, "अवं, तो राग नव्हताच पोरी. कंप्युटरबी तुह्यासाठीच आणला होता त्याईनं. त्याईले तुवा आवाजच येत नव्हता. हो, हो करत, ते असंच, काई समजलं नाई म्हणून." आणि थांबले, ती रडेल म्हणून. रडली की समजूत घालायची तयारीही केली होती मी.

ती रडली नाही. मागे नात कुरकुरत होती, तिला तिने खांद्यावर घेतलं असावं, थोपटल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बाबाले आयकू येत नव्हतं, आई. तुले तं येत होतं ना? तू टेबलामांगं बसून सारं आयकून राह्यली होती. मंग इतके दिवस तू काऊन चूप होती?"